डाळिंबाची साल आणि लिपिडचे कण : प्रकल्प नोंदी, सोलापूर

६ जानेवारी २०२४

विषय फायनल झाला एकदाचा. डाळिंबाच्या सालीतलं इलॅजिक ॲसिड लिपिडच्या नॅनो कणात भरायचं आणि त्यातलं आत खरंच किती जातं, किती दिवस टिकतं ते बघायचं. गाईड मॅडमचं म्हणणं होतं हळदीतलं कर्क्युमिन घे, त्यावर पेपर ढिगानं आहेत, पण सोलापुरात बसून डाळिंब सोडून दुसरं काही घ्यायचं मला पटेना. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, सोलापूर डाळिंबाला २०१६ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, आणि ज्यूस, दाणे काढायच्या युनिटमधून निघणारी साल उकिरड्यावर जाते. फळाच्या वजनात ४० ते ५० टक्के सालच असते. शेवटी ठरलं असं की सरावाला कर्क्युमिन, खरं काम इलॅजिक ॲसिडवर.

आता हे इलॅजिक ॲसिड अवघड का, तर एक लिटर पाण्यात जेमतेम १० मिलिग्रॅम विरघळतं. रेणू चपटा, आणि एकावर एक असे गच्च बसतात की कडक भाकरीची चळत बघावी, मधे पाण्याला शिरायला जागाच नाही. तोंडानं घेतलं तर बरंचसं न विरघळताच पुढं सरकतं, जे थोडं आत जातं त्यावर आतडं आणि लिव्हर लगेच मिथाइल, ग्लुकुरोनाइड असली शेपटं लावून बाहेर काढायच्या तयारीला लागतात. टेस्ट ट्यूबमध्ये अँटिऑक्सिडंट म्हणून भारी दिसणारं हे औषध रक्तात पोचतच नाही, सगळं दुखणं इथं आहे.

११ जानेवारी

सांगोल्याच्या काकांकडून साल आली, मृग बहारातला भगवा. काकांनी पोतं उतरवून दिलं आणि विचारलं, "पोरी, फळ ठेवून साल कशाला न्यायलीस?" मी सांगितलं की औषधाचं सालीत जास्त असतं, तर म्हणाले ते बरोबर, आमची आई पोट बिघडलं की सालीचीच पूड मधात चाटवायची. तो तुरटपणा म्हणजे टॅनिन, त्यातलं मुख्य प्युनिकॅलाजिन, आणि ते तुटलं की इलॅजिक ॲसिड सुटं होतं. ॲसिडमध्ये उकळून आपण तेच करणार.

तेल्या रोगाचे डाग असलेली साल वेगळी काढली, ती वापरायची नाही. बाकीची गच्चीवर सावलीत पसरली. गड्ड्याची (सिद्धेश्वर यात्रेची) गर्दी सुरू झालीय, पुढचा आठवडा लॅबमध्ये कोणी सापडणार नाही, तोवर साल वाळेल.

२० जानेवारी

साल वाळली, दळली, चाळली. मिथेनॉल-पाण्यात एक्स्ट्रॅक्शन लावून दिलंय. मधल्या वेळात सेमिनारसाठी जे वाचलं ते इथं टाकून ठेवते.

लेसिथिन हे एक लिपिड, त्याच्या रेणूला एक डोकं असतं पाण्यात रमणारं आणि दोन शेपट्या पाण्याला टाळणाऱ्या, त्यामुळं पाण्यात सोडलं की हे रेणू आपणहून दुहेरी पडदा करून बंद पिशव्या बनवतात. १९६० च्या दशकात केंब्रिजजवळ बाब्राहमला ॲलेक बँगहॅम यांनी हे दाखवलं, त्यालाच आपण लायपोसोम म्हणतो. १९९५ ला अमेरिकेत डॉक्सिल मंजूर झालं, डॉक्सोरुबिसिन भरलेलं लायपोसोम. आपल्याकडं लोकांना हा शब्द कळला तो २०२१ ला, म्युकरच्या साथीत, लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनसाठी नातेवाईक गावोगाव फिरत होते. औषध तेच जुनं, साधं दिलं की किडनीला मारक, लिपिडमध्ये गुंडाळलं की किडनीला त्रास खूप कमी. अर्थात ते झाडातलं नाही, मातीतल्या जिवाणूपासून मिळतं.

झाडातली उदाहरणं पण आहेत आणि ती आपल्या अंगणातली आहेत. सदाफुलीतून व्हिंक्रिस्टिन येतं, त्याचं लायपोसोम इंजेक्शन अमेरिकेत २०१२ ला मंजूर झालं होतं. इरिनोटेकनचं लायपोसोम २०१५ ला, पँक्रियाजच्या कॅन्सरसाठी, आणि इरिनोटेकन ज्या कॅम्प्टोथेसिनपासून बनवतात ते मूळ एका चिनी झाडात सापडलं पण आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यात पण भरपूर असतं, त्यापायी नरक्याची किती तोड झाली ते वेगळंच. म्हणून मला सालीचं काम जवळचं वाटतं, यात झाड तोडावं लागत नाही.

ही सगळी इंजेक्शनं झाली. तोंडातून द्यायचं तर गणित बदलतं. पोटात गेल्यावर लिपिडचे कण तसेच्या तसे रक्तात जातात असं नाही, स्वादुपिंडाचं लायपेज त्यांना पचवतं, पित्तातले क्षार येतात, सगळ्याचे मिळून बारीक मायसेल (गोळे) होतात आणि औषध त्यात बसून आतड्याच्या पेशीपर्यंत पोचतं. जे औषध खरंच तेलकट असतं त्यातलं काही कायलोमायक्रॉनमधून (आतड्याच्या पेशी बनवतात ते चरबीचे कण) लसिकावाहिन्यांत जातं आणि लिव्हरची पहिली फेरी चुकवतं. इलॅजिक ॲसिडचं तसं होईल का, मला शंका आहे. पण विरघळलेल्या अवस्थेत पेशीपर्यंत नेलं तरी खूप झालं.

३ फेब्रुवारी

कर्क्युमिनची बॅच. ग्लिसरिल मोनोस्टिअरेट (घट्ट लिपिड) ७५ डिग्रीला वितळवलं, त्यात कर्क्युमिन, ढवळत राहिलं की हळूहळू ढगाळ पिवळ्याचं पारदर्शक केशरी होतं, तळाला बारीक दाणा दिसायचा थांबला की समजायचं विरघळलं. दुसऱ्या बीकरमध्ये पोलोक्झामर १८८ (कण एकमेकांना चिकटू न देणारं सर्फॅक्टंट) चं पाणी, ते पण ७५ लाच, कारण पाणी थोडं जरी थंड असलं तर लिपिड ओतताक्षणी काठाला मेणासारखं चिकटतं आणि बॅच गेली. मग हाय स्पीड होमोजिनायझर, आणि लगेच ध्वनिलहरींनी कण बारीक करणारा प्रोब सोनिकेटर, चालू-बंद चालू-बंद असं पल्समध्ये. प्रोब काचेला लागू द्यायचा नाही, आवाजच बदलतो लगेच. शेवटी बर्फात. हातात राहतं ते पिवळं दूध.

पाण्याचा पीएच ७ च्या खाली ठेवला. हळदीत चुना पडला की कुंकू होतं ते सगळ्यांना माहितीय, पण नुसता रंग बदलून भागत नाही, अल्कलाइनमध्ये कर्क्युमिन तुटतं पण, ७.४ च्या बफरला सुद्धा तुटतं. बाटल्यांना फॉइल, उजेड पण चालत नाही त्याला.

साइज २०० नॅनोमीटरच्या आसपास, पीडीआय (कणांच्या साइजमध्ये किती फरक आहे तो आकडा) ०.३ च्या खाली. छान.

१० फेब्रुवारी

एन्ट्रॅपमेंट एफिशियन्सी काढली, म्हणजे घातलेल्यातलं किती टक्के औषध कणात गेलं. पद्धत सगळे करतात तीच, हाय स्पीडला सेंट्रिफ्यूज करायचं, कण खाली बसतात, वरच्या पाण्यातलं सुटं औषध यूव्हीवर मोजायचं, एकूणातून वजा करायचं, उरलं ते कणात. उत्तर आलं ९७ टक्के. वरचं पाणी अगदी स्वच्छ होतं.

मॅडमनी आकडा बघितला आणि एकच विचारलं, "जे आत गेलं नाही ते कुठं गेलं असेल, सांग." मी म्हणाले वरच्या पाण्यात. त्या म्हणाल्या, "पाण्यात? कर्क्युमिन?"

हा प्रश्न डोक्यात घेऊनच घरी आले. कर्क्युमिन पाण्यात विरघळतच नाही, मग आत न गेलेलं औषध वरच्या पाण्यात दिसेलच कसं, त्याचे खडे होणार आणि ते कणांच्या बरोबर खाली बसणार, आणि आपण त्यालाही आत गेलेलं धरणार. उद्या कंट्रोल लावते, लिपिड अजिबात न घालता.

१२ फेब्रुवारी

कंट्रोल : पोलोक्झामरच्या पाण्यात नुसतं कर्क्युमिन, लिपिड शून्य. बाकी सगळं तेच, तेवढंच होमोजिनायझर, तेवढाच प्रोब, तोच सेंट्रिफ्यूज, तेच गणित.

उत्तर ९५ टक्क्यांच्या वर. म्हणजे ज्या बाटलीत एकही कण नाही तिथं ९५ टक्के औषध "कणात" आहे असं ही पद्धत सांगते.

माझ्या दृष्टीनं आत्तापर्यंतचं सगळ्यात महत्त्वाचं पान हेच. पाण्यात न विरघळणाऱ्या औषधासाठी ही पद्धत जशीच्या तशी वापरली तर आकडा नेहमीच देखणा येणार, आणि झाडातली औषधं, कर्क्युमिन घ्या, क्वेर्सेटिन घ्या, इलॅजिक ॲसिड घ्या, बहुतेक याच जातीची आहेत. आता पेपरमध्ये ९८-९९ टक्के दिसलं की मी आधी मेथड सेक्शन उघडून बघते की सुटे खडे वेगळे काढले होते का.

आमची नवी पद्धत अशी : आधी फक्त २००० आरपीएमला १० मिनिटं. एवढ्या स्पीडला २०० नॅनोमीटरचे कण बसत नाहीत, खडे बसतात. ट्यूब उजेडात धरली की तळाला केशरी टिकली दिसते स्पष्ट, वर पिवळं दूध तसंच. वरचं दूध अलगद काढून मिथेनॉलमध्ये फोडायचं आणि त्यातलं कर्क्युमिन थेट मोजायचं, वजाबाकी करायचीच नाही. तळातली टिकली वेगळी विरघळवून मोजायची. दोन्हीची बेरीज सुरुवातीला घातलेल्या औषधाशी जुळली पाहिजे, नाही जुळली तर काहीतरी भांड्याला चिकटलंय किंवा तुटलंय.

या पद्धतीनं त्याच बॅचचं उत्तर ७० च्या आसपास. मॅडम म्हणाल्या हा आकडा लिही.

२४ फेब्रुवारी

उजनी धरण मायनसमध्ये गेलंय, वापरायचा साठा संपला, शहरात पाणी चार-पाच दिवसाआड, आणि रोटरी इव्हॅपोरेटरच्या (सॉल्व्हंट उडवायचं यंत्र, आम्ही रोटा म्हणतो) कंडेन्सरला सतत वाहतं गार पाणी लागतं. नळ सोडून ठेवायचा म्हणजे पाणी सरळ ड्रेनेजला, ते मनाला पटत पण नाही. लॅबच्या मामांनी उपाय काढला, टबमध्ये पाणी, त्यात कूलरचा छोटा पंप, पाइप कंडेन्सरला, परत येणारं पाणी त्याच टबात, आणि दर अर्ध्या तासाला बर्फाची पिशवी टाकायची. मस्त चालतं. बर्फ संपत आला की मामाच आवाज देतात.

बोअरचं पाणी धुण्याशिवाय कशालाच वापरायचं नाही असा बोर्ड लावला. सोलापूरच्या बोअरच्या पाण्यात क्षार एवढे की झीटा पोटेन्शियल पडतं, म्हणजे कणांवरचा चार्ज झाकला जातो आणि ते एकमेकांना चिकटायला लागतात. शेवटचं विसळणं डिस्टिल्डनंच.

५ मार्च

आता इलॅजिक ॲसिड. आधी बघितलं कुठल्या लिपिडमध्ये विरघळतं. मोनोस्टिअरेट, स्टिअरिक ॲसिड, कॉम्प्रिटॉल, तिन्ही घट्ट लिपिडं ८० डिग्रीला वितळवून चिमूट चिमूट टाकत गेले. राखाडी-पिवळी पावडर तळाशी आहे तशी. तासभर ढवळून तशीच. कर्क्युमिन निदान तेलाचं तरी ऐकतं, हे पाणी नाही म्हणतं आणि तेलही नाही म्हणतं.

म्हणजे सरळ वितळवून भरायचा मार्ग बंद. असंच रेटलं असतं तर लिपिडचे रिकामे कण आणि शेजारी इलॅजिक ॲसिडचे खडे असं मिश्रण झालं असतं, आणि जुन्या पद्धतीनं मोजलं असतं तर त्यालाही ९५ च्या वर मार्क मिळाले असते.

१७ मार्च

कॉम्प्लेक्सचा रस्ता धरला. इटलीतल्या इंडेना कंपनीनं १९८० च्या दशकाच्या शेवटी फायटोसोम म्हणून जे आणलं तेच तत्त्व, औषधाचा रेणू आणि फॉस्फॅटिडिलकोलीनचा (लेसिथिनमधला मुख्य घटक) रेणू यांची हायड्रोजन बाँडनं जोडी लावायची. लायपोसोममध्ये औषध पिशवीत किंवा पडद्यात असतं, इथं ते लेसिथिनच्या डोक्याला धरून बसतं, आणि दोन शेपट्यांमुळं सगळी जोडी तेलात जायला तयार होते.

एकास एक मोलर घेतलं तर ३० मिलिग्रॅम इलॅजिक ॲसिडला ७७-७८ मिलिग्रॅम लेसिथिन. अडचण सॉल्व्हंटची, मिथेनॉलमध्ये इलॅजिक ॲसिड एमएलला १ मिलिग्रॅमसुद्धा नीट जात नाही, म्हणून एवढ्याशा पावडरीला भलामोठा फ्लास्क. रिफ्लक्स (वाफ परत फ्लास्कात पाडत उकळणं), मग रोटा. मामांचा टब आज दिवसभर चालू.

फ्लास्कच्या भिंतीला पिवळसर चिकट फिल्म आली. पहिली परीक्षा साधी : क्लोरोफॉर्म घातला. सुटं इलॅजिक ॲसिड क्लोरोफॉर्ममध्ये जात नाही, कॉम्प्लेक्स जातं. बहुतेक फिल्म विरघळली, थोडं तळाला राहिलं, ते गाळून वजन करून ठेवलं. एकास दोन लेसिथिन घेतल्यावर तळाचं अजून कमी झालं. आयआरमध्ये (इन्फ्रारेड तपासणी) फॉस्फेटचा पीक सरकलाय आणि ओएचचा पसरट झालाय, म्हणजे जोडी लागलीय. मॅडम खूश दिसल्या, मी तर होतेच.

लेसिथिनची बाटली उघडी ठेवू नये ही ज्युनियरला परत परत सांगायची गोष्ट. हवेतलं पाणी ओढतं, गोळा होतं, आणि जुनं झालं की खवट वास येतो, तो वास आला की फेकायचं, वाया गेलं म्हणून हळहळायचं नाही.

२ एप्रिल

कॉम्प्लेक्स भरून दोन प्रकारच्या बॅच केल्या. एक नुसतं घट्ट लिपिड, मोनोस्टिअरेट. दुसरी घट्ट लिपिड अधिक थोडं पातळ तेल, मिडियम चेन ट्रायग्लिसराइड, जे खोबरेलासारख्या तेलापासून काढतात. यामागचं कारण असं की घट्ट लिपिड थंड झाल्यावर आधी घाईघाईनं, वेड्यावाकड्या रचनेत गोठतं, त्या फटींमध्ये औषध बसतं, पण दिवस जातील तसं लिपिड आपली रचना नीटनेटकी करत जातं आणि नीटनेटकं झालं की फटी बुजतात, औषध बाहेर ढकललं जातं. पातळ तेल मिसळलं तर ती रचना कधीच पूर्ण जुळत नाही. कणाचा ओबडधोबडपणाच औषधाला जागा देतो.

साइज दोन्हींची २०० च्या आतबाहेर, पहिल्या दिवशी दोन्हीत आतलं औषध जवळपास सारखं. प्रत्येकीच्या अर्ध्या बाटल्या फ्रिजमध्ये, अर्ध्या कपाटात. मॅडम म्हणाल्या स्टॅबिलिटी चेंबर असताना कपाट कशाला. मी म्हणाले चेंबर लावूच, पण मंगळवेढ्याच्या किंवा अक्कलकोटच्या खेड्यातल्या दुकानात औषध कपाटातच राहणार आहे ना.

२८ एप्रिल

बाहेर ४२ च्या पुढं. कपाटातली नुसत्या मोनोस्टिअरेटची बाटली काढली, तिरकी केली, आतलं हललंच नाही. जेली झालीय. बोटानं टिचकी मारली की थरथरतं फक्त. वाचलं होतं की असं होतं, कण गोल होते ते चपटे होतात, एकमेकांना धरून जाळं करतात, पण डोळ्यासमोर बघणं वेगळं. मोनोस्टिअरेट ५५ ते ६० ला वितळतं, म्हणजे कपाटात वितळलेलं काही नाही, नुसत्या गरमीनं रचना बदलायची घाई झाली. पाणी घालून पातळ करून २००० आरपीएमला फिरवलं तर तळाला राखाडी थर, तोच ओळखीचा. आतलं औषध निम्म्यावर आलंय.

तेलवाली बाटली अजून दुधासारखी पातळ. तळाला थर आहे पण बारीक. फ्रिजमधल्या दोन्ही ठीक.

स्टॅबिलिटी चेंबरमधली ॲक्सिलरेटेड टेस्ट (औषध टिकतं का ते लवकर कळायची) म्हणजे ४० डिग्री आणि ७५ टक्के दमटपणा, पुस्तकात ती कडक परीक्षा म्हणून दिलीय. ह्युमिडिटी सोडली तर आपल्याकडं ते एप्रिल-मेचं रोजचं हवामान आहे. म्हणून माझं मत पक्कं होत चाललंय की या भागासाठी फॉर्म्युला निवडायचा तर पहिल्या दिवसाचा साइज आणि पहिल्या दिवसाची एन्ट्रॅपमेंट बघून निवडू नये, उन्हाळा काढलेल्या बाटलीत काय उरलं ते बघून निवडावं. आमच्या दोन्ही बॅच पहिल्या दिवशी सारख्याच होत्या.

१२ मे

रिलीज स्टडीची (कणातून औषध किती वेगानं सुटतं ते बघायची) तयारी, डायलिसिस बॅग भिजत घातल्या. कण पिशवीत राहतात, सुटलेलं औषध बाहेर येतं. बाहेरच्या बफरमध्ये थोडं सर्फॅक्टंट घालावं लागणार, नाहीतर बाहेर आलेलं इलॅजिक ॲसिड विरघळणारच नाही आणि आपल्याला वाटेल कण हळूहळू सोडतायत, सस्टेन्ड रिलीज म्हणून लिहून मोकळे. खरं तर पाणी घेत नाहीये एवढंच. हा पण त्या ९७ टक्क्यांचाच भाऊ.

काकांचा फोन आला होता. त्यांना शुगर आहे, म्हणाले तुझं औषध झालं का, आम्ही घेऊन बघतो की. मी नीट समजावलं की काका हे औषध नाही अजून, प्राण्यांवरच्या टेस्टला एथिक्स कमिटीची परवानगी लागते, ते झाल्यावर माणसं, आणि आमचं काम त्याच्या खूप अलीकडचं आहे, तुमच्या गोळ्या बंद करू नका. दोनदा वदवून घेतलं त्यांच्याकडून.

फोन ठेवल्यावर दुसरी गोष्ट डोक्यात आली. इलॅजिक ॲसिड जे वर शोषलं जात नाही ते मोठ्या आतड्यात जातं आणि तिथले जिवाणू त्याचं युरोलिथिन करतात, आणि युरोलिथिन चांगलं शोषलं जातं. पण प्रत्येकाचे जिवाणू सारखे नसतात, काही जणांत युरोलिथिन बनतच नाही. मग आपण कणात भरून वरच सगळं शोषायला लावलं तर ज्यांच्या पोटात चांगले जिवाणू आहेत त्यांचं आपण काढून घेतलं का? आणि ज्यांच्यात नाहीत त्यांना मात्र हाच मार्ग उरतो. मॅडमना विचारलं, म्हणाल्या डिस्कशनमध्ये एक पूर्ण पॅरा दे यावर. मला वाटतं पॅरात मावणार नाही.

३१ मे

तेलवाल्या बॅचच्या कपाटातल्या बाटल्या परत मोजल्या, आतलं औषध अजून थोडं उतरलंय, पण जेली नाही. म्हणजे पातळ अवस्थेत ठेवून हा उन्हाळा पूर्ण निघत नाही, पावडर करावी लागेल. फ्रीझ ड्राय करताना बर्फाचे स्फटिक कणांना चेपतात म्हणून ट्रेहॅलोज (एक साखर) घालायचं, आणि परत पाणी घातल्यावर साइज तीच येते का ते आधी बघायचं, मग २००० आरपीएमची टिकली, मग बाकी सगळं.

रिझल्टच्या टेबलात तीन रकाने ठेवलेत : दुधातलं औषध, तळातलं औषध, बेरीज. ज्युनियर म्हणाली तीन कशाला, एकच टक्केवारी द्या, बाकी सगळे एकच देतात. तिन्ही राहणार.

फ्रीझ ड्रायरचा स्लॉट सोमवारी मिळालाय. ट्रेहॅलोज ५ टक्के आणि १० टक्के, दोन्ही लावायचं. बर्फ रविवारीच आणून ठेवायला मामांना सांगितलंय.